भाराखालचा रूळ

वणीहून पिंपळखुटीमार्गे आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागातून जातो. दुतर्फा कपाशी आणि तूर, वणीच्या आसपास कोळशाच्या खाणींतून काढलेल्या मातीचे उंच ढिगारे. फाटक बंद झालं की थांबलेल्या माणसांची नजर येणाऱ्या गाडीकडे असते, रुळाकडे सहसा कुणी पाहत नाही. पाहिलं तर एखाद्या जागी दिसतं, की इंजिनाचं चाक वर आलं की रूळ स्लीपरसकट किंचित खाली जातो आणि चाक पुढे सरकलं की वर येतो. पुढचं चाक आलं की पुन्हा तेच. गाडी निघून गेल्यावर त्याच जागी काहीच जाणवत नाही. रूळ सरळ, स्लीपर जागच्या जागी, गिट्टी भरलेली.

त्या जागी स्लीपरखालची गिट्टी हटून पोकळी झालेली असते. पोलादी रूळ ताठ असतो. स्वतःचं वजन तो सहज पेलतो आणि पोकळीवर अधांतरी राहतो. अशा वेळी पाणसळ ठेवून मोजलं तरी पातळी बरोबर येते. कोळशाने भरलेल्या वाघिणीच्या एकेका ॲक्सलवर वीस टनांहून जास्त भार असतो. तो भार आला की लपलेली पोकळी उघडी पडते, आणि तीसुद्धा क्षणभरच.

लोहमार्गाच्या तपासणीचं सगळं शास्त्र या एका अडचणीतून उभं राहिलं आहे. रिकामा रूळ आणि भाराखालचा रूळ हे जणू दोन वेगळे रूळ. प्रवाशाचा जीव दुसऱ्यावर अवलंबून असतो आणि माणसाच्या डोळ्याला दिसतो पहिला. म्हणून रूळ मोजायला खुद्द एक जड गाडीच लागते. ती धावता धावता स्वतःच्या चाकाखालचा रूळ मोजते. भारतीय रेल्वेत तिला ट्रॅक रेकॉर्डिंग कार, थोडक्यात टीआरसी म्हणतात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, लंडनच्या नळीसारख्या बोगद्यांत, जपानच्या शिंकान्सेन मार्गावर तिची भावंडं धावतात.

यवतमाळला या विषयाची ओळख फार जुनी आहे, कारण इथल्या लोकांनी रूळ म्हातारा होताना पाहिला आहे. किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणि तिथून मुंबई बंदरात न्यायचा, हा तिचा हेतू. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी आणि तिथून पुढे अचलपूरला पोचणारी ही अरुंद मार्गाची गाडी म्हणजे आपली शकुंतला. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला सत्तर वर्षं ओढलं आणि १९९४ साली त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं.

शकुंतलेचा मार्ग मोजायला कोणतीही खास गाडी आली नाही. तिची तपासणी पायी होई, नाहीतर ढकलट्रॉलीवरून. ट्रॉलीमन रुळावर तोल सांभाळत धावत ट्रॉली ढकलायचे आणि वर बसलेला पीडब्ल्यूआय, म्हणजे लोहमार्ग निरीक्षक, दोन्ही रुळांवर नजर ठेवायचा. सांधा खचला, स्लीपर कुजला, रूळ झिजला की वहीत नोंद. दुरुस्तीला पैसा आणि माणूस असेल तर दुरुस्ती, नसेल तर तिथे वेगमर्यादा. शेवटच्या काळात या मार्गावरची वेगमर्यादा खाली खाली येत गेली आणि लोक गाडीच्या संथपणाबद्दल बोलत राहिले. मला तो संथपणा प्रामाणिक वाटतो. मार्गावर विश्वास ठेवता येत नसेल तर वेग कमी करणं हेच तपासणाऱ्याच्या हातात उरतं, आणि ते त्या माणसांनी केलं.

आता खाली, मातीकडे यायला हवं. विदर्भातल्या लोहमार्गाचं अर्धंअधिक दुखणं तिथे आहे.

कपाशीला मानवणारी आपली काळी माती रेल्वेच्या अभियंत्याला मानवत नाही. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की ते थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. वाळली की आकसते आणि भेगाळते. मे महिन्यात दारव्ह्याकडच्या एखाद्या पडीक शेतात पाहा, हात जाईल एवढ्या भेगा असतात. जुलैत त्या दिसत नाहीत, कारण माती फुगून मिटलेली असते. शेतात ही उलथापालथ चांगलीच, जमीन आपोआप खालीवर होते. पण त्याच मातीवर भराव घालून वर गिट्टी, स्लीपर आणि रूळ ठेवले, तर दर वर्षी सगळा मार्ग थोडा उचलला जातो आणि थोडा बसतो. एकसारखा उचलला गेला असता तर काही बिघडलं नसतं. तो कुठे जास्त हलतो, कुठे कमी.

त्यात पावसाळ्यात आणखी एक प्रकार घडतो. गाडीच्या प्रत्येक चाकाबरोबर ओल्या मातीवर दाब येतो आणि सुटतो. दाब आला की चिखल गिट्टीच्या फटींतून वर ढकलला जातो. सुटला की गिट्टी चिखलात रुतते. शेकडो ॲक्सल गेले की पांढरट-काळ्या गिट्टीवर तपकिरी चिखलाचा डाग उमटतो. अनुभवी मुकादम असा डाग लांबून ओळखतो. तिथलं पाणी निचरत नाही, स्लीपरखाली पोकळी होते आणि पहिल्या परिच्छेदातला हलणारा रूळ तयार होतो. यावर उपाय म्हणजे भरावाच्या वरच्या भागात पाण्याने न फुगणाऱ्या, नीट निवडलेल्या मुरमाड मातीचा जाड थर देणं. नव्या मार्गांवर तो देतातच. जुन्या मार्गांवर तो सगळीकडे असेलच असं नाही.

भार आल्यावर हा मार्ग नेमका किती आणि कसा हलतो, हे मोजायचं कसं?

सगळ्यात जुनी रीत दोरीची आहे. वळणावर गँगमन रुळाच्या आतल्या कडेला २० मीटर लांबीची दोरी ताणून धरतात आणि तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर पट्टीने मोजतात. वळण एकसारखं असेल तर हे अंतर सगळीकडे सारखं येतं. एका जागी जास्त, पुढे कमी आलं की वळण बिघडलंय असं समजायचं. पहिल्या पिढीतल्या मोजणीगाड्यांनी हीच दोरी यंत्रात घातली. गाडीखाली तीन ठिकाणी रूळ चाचपायचा, दोन टोकांच्या मधली काल्पनिक रेषा धरायची आणि मधला बिंदू तिच्यापासून किती खाली-वर आहे ते कागदावर उमटवायचं. भारतात रुळाची उभी पातळी मोजायला ३.६ मीटरची जीवा बराच काळ वापरली गेली.

या रीतीत एक दोष आहे, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. समजा रूळ लाटेसारखा खाली-वर आहे. लाटेची लांबी बरोबर ३.६ मीटर असेल तर दोन्ही टोकं लाटेच्या माथ्यावर आली की मधला बिंदू तळाशी असतो आणि दोष दुप्पट मोठा दिसतो. लाट १.८ मीटरची असेल तर तिन्ही बिंदू एकदमच माथ्यावर येतात. सगळे सारखे वर, म्हणून फरक शून्य, आणि यंत्राच्या लेखी रूळ निर्दोष. लाट ३६ मीटरची असेल तर यंत्राला तिचा फक्त पाच टक्के भाग दिसतो. २० मिलिमीटरचा खोलगटपणा आलेखावर १ मिलिमीटर उमटतो. काळ्या मातीच्या भरावाचे चढ-उतार याच लांबच्या जातीचे असतात, आणि जोरात धावणाऱ्या डब्याला तेच झुलवतात. ताशी १३० किलोमीटर वेगाने ३६ मीटरची एक लाट डबा सेकंदभरात पार करतो. सेकंदाला एकदा होणारा हा झोका डब्याच्या स्प्रिंगांच्या स्वतःच्या लयीच्या अगदी जवळ असतो. म्हणजे छोट्या जीवेला ज्या दोषाकडे पाहताच येत नव्हतं, तोच प्रवाशाला सर्वांत जास्त जाणवायचा.

त्यावर निघालेली तोड फार सुंदर आहे. रुळावर काल्पनिक रेषा ताणायच्या ऐवजी गाडीच्या सांगाड्यावर प्रवेगमापक बसवायचा. सांगाडा दर क्षणी किती प्रवेगाने वर-खाली होतो हे तो सांगतो. प्रवेगाची काळानुसार एकदा बेरीज केली की वेग मिळतो, पुन्हा केली की सांगाडा प्रत्यक्षात किती उचलला गेला ते कळतं. त्याच क्षणी सांगाड्याला लावलेला लेझर खालच्या रुळापर्यंतचं अंतर मोजत असतो. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो रुळाचा खरा आकार, आणि तोही गाडीच्या भाराखाली दबलेल्या रुळाचा. गाडी कोणत्या बाजूला कललीय हे घूर्णदर्शी, म्हणजे जायरोस्कोप सांगतो. रुळाला कुठेही न शिवता हे सगळं ताशी शंभरच्या वर वेगाने होतं.

या रीतीलाही मर्यादा आहे. गाडीचा वेग निम्मा झाला की त्याच लाटेवरचा प्रवेग चौथाई होतो. फार हळू धावणाऱ्या गाडीत प्रवेग इतका क्षीण होतो की तो उपकरणाच्या स्वतःच्या कुरबुरीत हरवतो. म्हणजे शकुंतलेच्या शेवटच्या दिवसांत ही उपकरणं तिच्या डब्यावर बसवली असती तरी त्यांना धड काही ऐकू आलं नसतं.

टीआरसी नेमकं मोजते काय, हे थोडक्यात. दोन रुळांमधलं अंतर, जे आपल्या रुंद मार्गावर १६७६ मिलिमीटर असतं. प्रत्येक रुळाची उभी पातळी. आडवा सरळपणा. दोन्ही रुळांच्या उंचीतला फरक. आणि पीळ. यातला पीळ मला सर्वांत घातक वाटतो. पुढे डावा रूळ किंचित उंच आणि दोन पावलांवर उजवा उंच असेल, तर चार चाकांच्या ताठ बोगीचं एक चाक अधांतरी होऊ पाहतं. त्याच्यावरचा भार उतरतो. त्याच वेळी बाजूने जोर आला तर चाकाची कड रुळावर चढते आणि गाडी घसरते. रिकामी वाघीण यात लवकर सापडते, कारण तिला खाली दाबून धरणारं वजनच नसतं.

या सगळ्या मोजमापांचा मिळून एक आकडा काढायची पद्धत लखनऊच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेने बसवली. तिला टीजीआय म्हणतात. नव्या, उत्तम मार्गाला १०० गुण. ८० च्या वर असेल तर हात लावायची गरज नाही, ३६ च्या खाली गेला तर तातडीने काम. हा ३६ विचित्र वाटतो, पण तो गणितातूनच येतो. मार्गाचा खडबडीतपणा तातडीच्या मर्यादेला टेकला की सूत्रातला आकडा १०० भागिले २.७१८ एवढा होतो, म्हणजे ३६.८. एकूण दहा भागांपैकी सहा भाग वजन आडव्या सरळपणाला, दोन उभ्या पातळीला, आणि पीळ व रुळांमधलं अंतर यांना एकेक. सरासरीच्या अशा आकड्याचं एक वाईट आहे. शेकडो मीटर चांगल्या मार्गातला एक भयंकर खड्डा त्यात बुडून जातो. म्हणून शहाणा अभियंता टीजीआयने वर्षाचं नियोजन करतो आणि आलेखावरचं एकेक टोकदार शिखर वेगळं पाहतो. त्यासाठी नेहमीच्या प्रवासी गाडीतही एक छोटं उपकरण ठेवून झटके नोंदवले जातात. वेगवान मार्गांवर गुरुत्वाकर्षणाच्या ०.१५ पटीहून मोठा झटका बसला की ती जागा यादीत जाते.

आतापर्यंत रुळाच्या आकाराबद्दल बोललो. आकार उत्तम असूनही रूळ आतून मेलेला असू शकतो.

अमेरिकेत २५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ लेहाय व्हॅली कंपनीची प्रवासी गाडी पुलावर घसरली आणि २९ माणसं मेली. तुटलेला रूळ बाहेरून निर्दोष होता. त्याच्या माथ्याच्या आत, पोलाद घडतानाच राहिलेल्या बारीक दोषापासून आडवी चीर वाढत गेली होती. डोळ्याने आणि हातोडीने जे सापडत नाही ते शोधायचं कसं, या प्रश्नावर एल्मर स्पेरी यांनी काम केलं आणि १९२८ साली त्यांची दोषशोधक गाडी रुळावर आली. ती रुळातून जोरदार वीजप्रवाह सोडायची आणि चिरेपाशी विस्कटलेलं चुंबकीय क्षेत्र पकडायची. जायरोस्कोपसाठी जगभर नावाजलेले स्पेरी ते हेच.

आता हे काम श्राव्यातीत ध्वनी करतो. रुळाच्या माथ्यावर पाणी सोडून त्यावरून शोधक सरकवतात, कारण मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी पोलादात शिरत नाही. पोलादात हा ध्वनी सेकंदाला सुमारे ५.९ किलोमीटर धावतो. मीटरला ६० किलो वजन असलेल्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर. तळापर्यंत जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाच्या दहा लाखांतले जेमतेम ५८ भाग लागतात. त्याआधीच प्रतिध्वनी आला तर वाटेत काहीतरी आहे. पण माथ्यातली उभी चीर सरळ खाली जाणाऱ्या ध्वनीला कडेने दिसते, म्हणजे जवळपास दिसतच नाही. म्हणून ७० अंशांत तिरपा ध्वनी सोडणारे शोधक पुढच्या आणि मागच्या दोन्ही दिशांना लावलेले असतात. भारतात हे काम मुख्यतः हाताने ढकलायच्या छोट्या ट्रॉलीवरून चालतं आणि स्वतःच्या इंजिनावर धावणारी गाडीही त्यासाठी बनवली गेली आहे. ताशी ३६ किलोमीटरने धावणारी गाडी ध्वनी तळाला शिवून परत येईपर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच सरकलेली असते, म्हणून चालत्या गाडीतूनही हे जमतं.

विदर्भात या चिरांना ऋतूंची साथ मिळते. आता रूळ जोडून जोडून कितीतरी लांब केलेले असतात. पूर्वीचा खटॅक-खटॅक आवाज गेला, कारण सांध्यांतली फट गेली. उन्हाळ्यात रूळ लांब व्हायला बघतो आणि त्याला जागाच नसते. ६० किलोच्या रुळात तापमानाच्या दर एका अंशाला जवळपास दोन टन जोर साठतो. उन्हात रुळाचं तापमान ६० अंशांपलीकडे जातं. ज्या तापमानाला तो ताणमुक्त बसवला होता त्याहून २५ अंश वर गेला की दोन्ही रुळांत मिळून ९० टनांहून जास्त दाब असतो. गिट्टीचे खांदे भरलेले नसतील तर मार्ग एकाएकी बाजूला फेकला जातो. म्हणून रूळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापला की भरदुपारी गस्तीवाले मार्गावर निघतात. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. पहाटे गारठलेला रूळ आकसू बघतो, ताण वाढतो आणि आतली जुनी चीर किंवा कच्चा जोड तटकन सुटतो.

अशा पहाटे रोज पायी मार्ग तपासणारा की-मन निघतो. हातात लांब दांड्याचा हातोडा, पाना, खांद्याच्या पिशवीत लाल झेंड्या आणि फटाका सिग्नल. सिमेंटच्या स्लीपरवर रूळ धरून ठेवणारा लोखंडी क्लिप कुठे अर्धा बाहेर आला असेल तर एका फटक्यात आत बसवायचा, खालची रबरी गादी सरकली असेल तर सरळ करायची. रूळ तुटलेला दिसला तर दुसरं काही करायच्या आधी गाडी थांबवायची. तुटक्या जागेपासून ६०० मीटरवर एक फटाका, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालक ब्रेक लावतो. टीआरसी एखाद्या मार्गावर दोन-चार महिन्यांनी येते. रात्री एक वाजता तुटलेला रूळ तिच्या पुढच्या फेरीची वाट पाहू शकत नाही. तो की-मनच्या वाट्याचा असतो, रोजच्या रोज. आणि की-मनला भाराखालचा रूळ दिसत नाही, तो गाडीच्या वाट्याचा. दोघांतलं एक कमी करून चालेल असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्गावर काम केलेलं नसतं.

भुयारात हा सगळा हिशोब बदलतो. आपल्या देशात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलकात्याला पहिली भुयारी मेट्रो धावली. महाराष्ट्राला त्यानंतर बरीच वाट पाहावी लागली. नागपूरची मेट्रो सगळी जमिनीवरून आणि खांबांवरून जाते. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये उघडला. मुंबईची तिसरी मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. वाटेत ती मिठी नदीच्या खालून जाते.

तिथे काळी माती नाही, ऊन नाही, गिट्टीही नाही. रूळ सिमेंटच्या पक्क्या पाटावर बसवलेले असतात, म्हणून आकार वर्षानुवर्षं टिकतो. मग बिघडतं काय? रूळ धरणाऱ्या पकडीखालचं रबर कडक होतं. झिरपणारं पाणी लोखंडाला गंज चढवतं. वळणांवर चाकाची कड रूळ खाते. आणि रुळाच्या माथ्यावर बारीक लहरी उठतात, तीन ते दहा सेंटिमीटर लांबीच्या, खोलीला मिलिमीटरचा दहावा भागही नसलेल्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने पाच सेंटिमीटरच्या लहरींवरून चाक गेलं की सेकंदाला ३३० हून जास्त ठोके पडतात आणि बोगदाभर घुमणारा आवाज तयार होतो. बोगद्यात त्याला बाहेर जायला जागा नसते. या लहरी पकडायला प्रवेगमापक थेट ॲक्सलच्या पेटीवर लावावा लागतो, आणि सापडल्या की रूळ घासणारी गाडी आणून माथा पुन्हा सपाट करतात.

भुयारातली खरी कोंडी जागेची आणि वेळेची. उघड्यावर उपग्रह सांगतो की गाडी कुठे आहे, बोगद्यात तो पोचत नाही. चाकाचे फेरे मोजून अंतर काढावं तर चाक झिजतं. ८६० मिलिमीटर व्यासाचं चाक एका मिलिमीटरने झिजलं तर ३३.५ किलोमीटरच्या फेरीत सुमारे ४० मीटरची चूक होते. दुरुस्तीवाले अंधारात चाळीस मीटर भलतीकडे दोष शोधत बसतील. म्हणून बोगद्यात ठरावीक अंतरांवर खुणेच्या चकत्या बसवतात आणि त्यांवरून गाडी जाताना मोजणी पुन्हा जुळवून घेतात. वेळ मिळतो तो शेवटच्या गाडीनंतरचा. वीज बंद करणं, तारा जमिनीला जोडणं, माणसं आत जाणं-येणं यात त्यातला मोठा भाग जातो. मोजणीगाडीचं महत्त्व इथे कळतं. दिवसा, बाकी गाड्यांच्या मधोमध, त्यांच्याच वेगाने ती धावू शकते.

लंडनच्या भुयारी रेल्वेने यासाठी जुन्या प्रवासी डब्यांचीच मोजणीगाडी केली. १९६० च्या बांधणीचे दोन चालक-डबे आणि त्यांच्या मधोमध १९७३ च्या बांधणीतला एक डबा, ज्यात सगळी उपकरणं. लंडनचे खोल बोगदे इतके अंगासरशी आहेत की तिथे बाहेरची गाडी मावणारच नाही. जपानच्या तोकाइदो मार्गावरची पिवळी गाडी, सात डब्यांची, ताशी २७० किलोमीटर धावणारी डॉक्टर यलो, साधारण दहा दिवसांनी फेरी मारायची. ती दिसली की दिवस चांगला जातो असं जपानी मुलं मानायची. दोन संचांपैकी एक जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाला. हे काम आता नेहमीच्या प्रवासी गाडीवर बसवलेल्या उपकरणांकडे जात आहे.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास चालते, त्यामुळे तिथे रात्रीची उसंतही नाही. तिच्याकडे मोजणीगाड्या आहेतच. शिवाय सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात गूगलबरोबर एक प्रयोग झाला. ए मार्गावरच्या काही जुन्या डब्यांना साधे पिक्सेल फोन लावले. फोनमधला प्रवेगमापक आणि मायक्रोफोन धक्के आणि आवाज टिपत राहिले. निरीक्षकांना सापडलेल्या दोषांपैकी ९२ टक्के या पद्धतीनेही हेरले होते. हा आकडा ऐकून निरीक्षकांची गरज संपली असा अर्थ काढू नये. फोनला काय दोष म्हणायचं ते त्या निरीक्षकांनीच जागेवर जाऊन, रूळ पाहून शिकवलं होतं. पण एवढ्या स्वस्त साधनाने रोज मोजणी होऊ शकते, ही गोष्ट आपल्याकडच्या छोट्या मेट्रोंना फार मोलाची आहे. वीस-पंचवीस किलोमीटरच्या जाळ्याला स्वतंत्र मोजणीगाडी परवडत नाही.

यवतमाळला हे सगळं दूरचं नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रुंद मार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. चिंतामणीच्या कळंबला रेल्वे आली. असा कोणताही नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त मोटरट्रॉलीवरून तो पाहतात, मग वेगचाचणी होते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ज्याने मार्ग बांधला त्यानेच तो पास करू नये, म्हणून ही व्यवस्था. मुंबईच्या भुयारी मार्गिकेलाही अशाच आयुक्तांचं प्रमाणपत्र लागलं.

कळंबच्या पुढे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा हा मार्ग जायचा आहे. वाटेत काळ्या मातीवरचे उंच भराव आहेत आणि डोंगराळ पट्ट्यात बोगदेही. नवा भराव पहिले काही पावसाळे बसत राहतो, कितीही रोलर फिरवला तरी. त्या काळातली मोजणी सर्वांत मौल्यवान, कारण पुढच्या पन्नास वर्षांचं कुठलंही दुखणं तिच्याशी ताडून पाहायचं असतं. पावसाळ्याआधी एक फेरी, पावसाळा संपल्यावर एक. दोन्ही आलेख एकावर एक ठेवायचे. सगळा मार्ग सारखा बसला असेल तर टॅम्पिंग यंत्राने गिट्टी दाबून पातळी सावरता येते. एकाच जागी दरवर्षी खड्डा पडत असेल तर यंत्र फिरवून काही उपयोग नाही. तिथे मोरी तुंबली आहे का, कडेचा चर बुजला आहे का, निवडक मातीचा थर पातळ पडला आहे का, हे उकरून पाहावं लागतं, आणि ते पुढचा पाऊस यायच्या आत.